ड्रमवाल्याचं नाव

"ट्रम्पेटवाला आहे, गाणारी आहे, आवाज टिपणारासुद्धा आहे," बायको त्याच्या परीक्षणाचा कागद उलटसुलट करत म्हणाली. "अहो, पण भाऊजी कुठायत यात?"

चष्मेवाला टेबलाशी बसून स्वतःचा चष्मा पुसत होता. दिवसभर दुकानात लोकांची भिंगं घासायची आणि घरी अडचणीचा प्रश्न आला की स्वतःच्या काचेवर फुंकर मारत बसायचं, ही त्याची जुनी खोड.

"जागा कमी पडली," तो म्हणाला.

"प्रकाशयोजनेवर अख्खा परिच्छेद आहे."

"माहितीपटात प्रकाश महत्त्वाचा असतो."

"आणि ड्रम?"

त्याने दुसरी काच पुसायला घेतली. पोटात नेमकं कुठे दुखतंय ते दोघांनाही ठाऊक होतं.

माहितीपट होता गॅरेजात सराव करणाऱ्या एका बँडवर, आणि त्या बँडचा पहिला ड्रमवाला चष्मेवालाच. दुकानाने त्याला कायम केलं, पण संध्याकाळची पाळी दिली, तेव्हा त्याने बँड सोडला. ड्रमच्या काड्या गेल्या धाकट्या भावाकडे. तोवर धाकटा नुसता ड्रम उचलून ठेवायला यायचा. आणि वर्ष उलटायच्या आत एक दिग्दर्शिका कॅमेरा घेऊन गॅरेजात उतरली. माहितीपट देशोदेशी फिरला. पोस्टरवर कोण, तर घामाने केस चिकटलेला धाकटा. ज्याच्या हाती ससा तो पारधी. ससा कुठे सापडतो हे दाखवणाऱ्याला कोण विचारतो?

बरं, माहितीपट टुकार असता तर निवांत नावं ठेवता आली असती. पण तो अप्रतिम होता. चष्मेवाल्याचा सगळ्यात लाडका. किती वेळा पाहिला याला गणती नाही. दर वेळी कौतुकाने बसायचा आणि तिसऱ्या गाण्याला त्याचा जळफळाट सुरू व्हायचा, कारण धाकटा खरोखरच चांगला वाजवत होता.

फिल्म क्लबात एक रीत होती. चित्रपटाआधी एका सभासदाने आपलं परीक्षण वाचायचं. त्यात ज्याचं नाव येईल तो सभागृहात असला, तर त्याने जागेवर उभं राहायचं आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या. या महिन्यात हाच माहितीपट होता आणि पाळी चष्मेवाल्याची होती. बँडची मंडळी येणार होती, धाकटाही.

"एक ओळ घाला हो," बायको म्हणाली. "ताटातलं वाटीत सांडलं, बाहेर तर नाही गेलं."

"घालतो."

आणि त्याने खरंच घातली. 'ड्रम माझ्या धाकट्या भावाने वाजवले आहेत, आणि माझ्यापेक्षा चांगले वाजवले आहेत.' उत्तरार्ध खोडला. मग मुकाट्याने पुन्हा लिहिला.

धाकटा सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. एरवी मालाची गाडी चालवून चुरगळलेला असायचा. आज कडक इस्त्रीचा शर्ट. शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून त्याने दादासाठी जागा धरली होती.

क्लबचे चिटणीस माइकपाशी गेले. "आजचे परीक्षक म्हणजे कोण, तर आपल्या लाडक्या ड्रमवाल्याचे थोरले बंधू."

लोक हसले, टाळ्या पडल्या. चष्मेवाल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. क्लबात इतकी वर्षं घालवली आणि ओळख काय, तर बंधू.

तो वाचू लागला. ट्रम्पेटवाल्याचं नाव आलं, तो उभा राहिला. गाणारीचं आलं, ती लाजत उठली. धाकटा खुर्चीच्या कडेवर सरकून बसला होता. त्याने कॉलर सारखी केली आणि हात गुडघ्यांवर टेकवले, उठायच्या तयारीत. कागदावर ती ओळ आली. चष्मेवाल्याने ती पाहिली आणि तिच्या खालच्या ओळीपासून पुढे वाचायला लागला.

परीक्षण संपलं. धाकटा हळूच मागे सरकला आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवू लागला. बाकीचे थांबल्यावरही तो थोडा वेळ वाजवत राहिला. मागच्या रांगेत बसलेल्या बायकोने मान वळवून भिंतीकडे पाहिलं.

"बस, दादा," धाकट्याने पिशवी उचलली. "छान लिहिलंयस. ते प्रकाशाचं तर मला कधी कळलंच नव्हतं."

दिवे मालवले. तिसरं गाणं आलं, आणि त्यातला धाकट्याचा एकट्याचा तुकडा. पडद्यावर त्याचे हात दिसेनासे होण्याइतके वेगाने चालले होते. सभागृह शिट्ट्या मारत होतं. चष्मेवाल्याने शेजारी पाहिलं. धाकटा पडद्याकडे बघतच नव्हता. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून तो मान खाली घालून बसला होता.

चष्मेवाल्याला स्वतःची लाज वाटली.

"माझ्यापेक्षा चांगलं वाजवलंयस," तो म्हणाला.

ड्रमच्या दणदणाटात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. ओठ हललेले पाहून धाकट्याने कान जवळ आणला. "काय रे, दादा?"

चष्मेवाल्याने तोंड उघडलं.

"काही नाही," तो मोठ्याने म्हणाला. "पाणी आहे का म्हटलं."

धाकट्याने पिशवीतून बाटली काढली, झाकण फिरवून उघडलं आणि त्याच्या हातात दिली.