तीन पायांची खुर्ची

मंडळी, ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही. आजवर ज्यांना ज्यांना सांगितली, ते सगळे आधी हसले, आणि मग काहीतरी निमित्त काढून आरशासमोर जाऊन आले. तुम्हीही तेच कराल.

सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करणारे एक कारागीर होते. सगळी गल्ली त्यांना खिळेमामा म्हणायची, कारण त्यांचं तोंड म्हणजे खिळ्यांचा डबा. सोफ्याचं कापड ताणून धरायला एक हात आणि हातोडीला दुसरा. मग बारीक खिळे ठेवायचे कुठे? तर तोंडात. मूठभर खिळे गालात भरायचे, जिभेने एकेक पुढे सरकवायचा, पुढच्या दातांत उभा धरायचा, हातोडीच्या लोहचुंबकी टोकाने उचलायचा आणि ठाक. मामांचा सराव एवढा दांडगा, की एकदा त्यांना शिंक आली आणि समोरच्या भिंतीवर लोंबकळणारं कॅलेंडर चारही कोपऱ्यांत पक्कं ठोकलं गेलं. शेजारचा शिंपी याला साक्षीदार होता. तो आता हयात नाही, हे त्याचं दुर्दैव.

आणि तोंडात खिळे असतानाही मामांची बडबड थांबायची नाही. गिऱ्हाईक खुर्ची टाकायला यायचं आणि तासभर गोष्टी ऐकत बसायचं.

पण लोखंड ते लोखंड आणि दात ते दात. आधी पुढच्या दाताचा टवका उडाला. मग एक दाढ ठणकू लागली. दोन गल्ल्या सोडून एक दात काढणारा बसायचा. गिऱ्हाईक खुर्चीत नीट टेकायच्या आत दात त्याच्या हातात. मामांना ते फार आवडलं. दुखला, काढला, विषय संपला. अशा एकामागून एक दाढा गेल्या. आणि मग एका दुपारी खिळा आडवा आला, आणि टवका उडालेला तो पुढचा दात हिरडीपासून कटकन तुटला.

त्या दिवसापासून मामांचं तोंड मिटलं.

जीभ मात्र स्वस्थ बसेना. उठता-बसता त्या खिंडारात जाऊन चाचपायची, परत यायची, पुन्हा जायची. मामा दुकानात येरझाऱ्या घालायचे. हातोडी उचलायचे, ठेवायचे. कुणी काही विचारलं की तोंडावर पंजा धरून "हं" म्हणायचे. जेवायला सगळ्यांबरोबर बसेनात. ब्रेड दुधात बुडवून स्वयंपाकघरात पाठमोरे उभे राहून खायचे.

नेमकं त्याच सुमारास त्यांच्या एकुलत्या एका मुलीने आपल्या पसंतीच्या मुलाशी लग्न केलं आणि ती दुसऱ्या शहरात राहायला गेली. मामांना जावई मनापासून पसंत होता. नव्या घराचा सोफा त्यांनी स्वतः शिवून पाठवला होता. पण मुलगी व्हिडिओ कॉल करायची तेव्हा तिला काय दिसायचं? वडिलांचं कपाळ आणि वर फिरणारा पंखा. काही विचारलं तर "हं" आणि "बरं". जन्मभर बडबड करणारा बाप, आणि लग्न झाल्यावर तोंडातून शब्द नाही. पोरीने काढायचा तोच अर्थ काढला.

"बाबा रागावलेत ना माझ्यावर?" तिने आईला विचारलं.

"नाही गं बाई, दातामुळे बोलत नाहीत ते."

"आई, काहीतरी सांगू नकोस. दातासाठी कुणी मुलीशी बोलणं टाकतं का?"

खरं सांगितलेलंच खोटं ठरलं. मामी तरी काय करणार?

मग एके दिवशी मुलीचा निरोप आला. "रविवारी आम्ही दोघं येतोय. बाबांना समोर बसवून विचारणार आहे. तरीही ते गप्प बसले, तर समजेन की आमचं येणं नकोय. पुन्हा येणार नाही मी."

मामांची झोप उडाली. रात्रभर कूस बदलायची, दिवसभर दुकानाच्या उंबऱ्यापासून भिंतीपर्यंत फेऱ्या मारायच्या. शेवटी त्यांनी कारागिराच्या डोक्याने तोड काढली. तुटलेला दात त्यांनी डबीत जपून ठेवला होता. तो कानशीने घासला, सोफ्याचा फोम चिकटवायचं पिवळं सोल्यूशन लावलं, जागेवर दाबून धरला आणि आनंदाने मुलीला फोन लावला. "कशी आहेस" मधलं "कशी" झकास गेलं. "आहेस" म्हणताना दात सुटला तो थेट चहाच्या कपात. मामांनी घाईघाईने फोन उलटा केला. मुलीला टेबल दिसलं, मग अंधार. तिने फोन ठेवून दिला.

हिरडी दोन दिवस भाजल्यासारखी चुरचुरत राहिली. आणि एवढं कमी पडलं म्हणून की काय, डावीकडची राहिलेली एकमेव दाढ ठणकायला लागली. ठणका कानात, कानातून डोक्यात. बसवेना, उभं राहवेना.

"संध्याकाळी जाऊन काढून टाकतो," मामा गाल धरून म्हणाले.

"काढा," मामी म्हणाल्या. "आणि मग चावायला माझे उसने घ्या."

एवढ्यात समोरच्या इमारतीत नवा दवाखाना थाटलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाई एक खुर्ची उचलून, हे बोलणं ऐकतच दुकानात आल्या. साधी जेवणाच्या टेबलाची खुर्ची. त्यांनी ती खाली ठेवली, मामांच्या सुजलेल्या गालाकडे नजर टाकली, आणि चेहरा अगदी निर्विकार ठेवून म्हणाल्या, "मामा, हिचा एक पाय हलतोय. तेवढा काढून टाका."

मामांनी मान डोलावली, मग थबकले. "बसवून देऊ म्हणताय ना?"

"नाही, काढून टाका. तीन पायांवर भागेल. हलला की काढायचा, कटकट संपली."

मामा दुखणं विसरले. "अहो बाई, खुर्ची आहे ही. एक पाय काढलात तर भार जाईल कुठे? बाकीच्या तिघांवर. ते काही महिन्यांत फाकतील. शेजारचा आधी झुकेल, मग त्याच्या पलीकडचा. लाकूड चांगलं आहे की, नुसता सांधा खराब झालाय. सांधा उघडायचा, आतली घाण खरवडून काढायची, नीट भरायचा, वरून आवळायचा. टाकायचं कशाला? माझ्या दुकानात टाकून द्यायचा धंदा होत नाही..."

बोलता बोलता मामांच्या ध्यानात आलं की तोंड सताड उघडं आहे आणि खिंडारातून शिट्टी वाजतेय. पंजा झटकन तोंडावर गेला.

"बरोबर बोललात," बाई म्हणाल्या. "आणि गाल धरलाय तो कशासाठी?"

"दाढ आहे. संध्याकाळी काढणार."

"का?"

"दुखतेय."

मागे मशीनवर कापड शिवत बसलेल्या मामींनी मशीन थांबवलं. "हं. बोला आता."

मामांनी एकदा त्या खुर्चीकडे पाहिलं. मग जरा घुश्शातच म्हणाले, "खुर्ची गिऱ्हाइकाची असते, बाई. दात काय, आपलेच. या वयात कुणाला दाखवायचेत?"

"दात चावायला आणि बोलायला असतात, मामा. दाखवणं त्यावर फुकट मिळतं."

"आणि दाखवायचे आहेतच," मामी म्हणाल्या. "रविवारी."

मग मामींनी सगळंच सांगून टाकलं: मुलगी, फोन, कपाळ, पंखा. मामा मधून मधून "अगं, अगं" करत होते, पण मामी सुटल्या होत्या. बाईंनी ऐकून घेतलं आणि मामांना तसंच, हातोडीसकट, समोरच्या दवाखान्यात नेलं.

खुर्चीत पडल्यावर मामांचे पाय स्वस्थ राहीनात. एक थांबला की दुसरा हलायचा. बाईंनी दाढेचा फोटो काढला आणि पडद्यावर दाखवला. "हे बघा मूळ. पक्कं आहे. आतली नस सडलीय. ती काढायची, पोकळी साफ करून भरायची, वर कॅप बसवायची. तुम्ही मघाशी सांधा सांगितलात ना, तसंच. आम्ही त्याला रूट कॅनाल म्हणतो."

"आणि जे गेले ते?"

"त्यांना वाटा आहेत. शेजारच्या दोन दातांवर कॅप चढवून मधे खोटा दात पेलून धरायचा. ब्रिज."

"म्हणजे शेजारचे तासायचे?"

"तासावे लागतात."

"धड पाय तासायचे म्हणजे जिवावर येतं."

"माझ्याही येतं. म्हणून शेजारचे चांगले असले की मी दोनदा विचार करते. नाहीतर हाडात स्क्रू बसवायचा आणि त्यावर दात. तो इम्प्लांट. पण बहुतेक वेळा हाड त्याला पक्कं धरेपर्यंत काही महिने वाट बघावी लागते."

मामा उठूनच बसले. "स्क्रूचं मला सांगता? स्क्रू लाकडात पिळला की तिथल्या तिथे धरतो."

"लाकूड मेलेलं असतं, मामा. तुमचं हाड जिवंत आहे, ते आपल्या सवडीने धरतं. आणि दोन्ही नको असेल तर काढता-घालता येणारे दात करता येतात. रोज काढून धुवायचे. सुरुवातीला तोंडात पाहुणा आल्यासारखं वाटतं, मग सवय होते."

"यातलं चांगलं कुठलं, तेवढं सांगा."

"सोफा न बघता कापड कुठलं चांगलं ते सांगाल तुम्ही?"

मामा पुन्हा आडवे झाले. अशा गिऱ्हाइकांना तेही हेच उत्तर द्यायचे.

"हाड किती उरलंय, हिरड्या कशा आहेत, रक्तातली साखर किती, सगळं बघू आणि मग दोघं मिळून ठरवू," बाई म्हणाल्या. "आणि तोंडात खिळे धरणं आजपासून बंद. कमरेला पिशवी बांधा."

"बांधतो. सगळं करतो. पण रविवारपर्यंत पुढचा तेवढा बसवून द्या. कसाही."

बाईंनी हिरडीवर दिवा धरला आणि तोंडावरचा मास्क खाली ओढला. "इथे भाजलंय. काय लावलंत?"

मामा छताकडे बघू लागले.

"सोफ्याचं सोल्यूशन," दारातून मामींचा आवाज आला.

"मग ही जखम भरल्याशिवाय मी तिथे काहीही बसवणार नाही," बाई म्हणाल्या. "रविवारी नाहीच. मुलीला असंच भेटा."

दाढेचं काम त्याच दिवशी सुरू झालं, ठणका थांबला, दाढ वाचली. पण मामांची घालमेल दुप्पट झाली. खिंडार जसंच्या तसं, आणि रविवार काही थांबेना.

रविवारी सकाळपासून मामा दारातून खिडकीत आणि खिडकीतून दारात. हातात रुमाल. घसा बसलाय म्हणून सांगायचं, रुमाल तोंडावर धरायचा, दुपार कशीबशी काढायची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मामींनी एकदाच विचारलं, "आणि ती खरंच पुन्हा आली नाही तर?" मामांनी रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली.

मुलगी आणि जावई आले. मुलीने पाण्याचा पेलाही हातात घेतला नाही. समोर बसली.

"बाबा, तुम्ही माझ्यावर रागावलात?"

मामांनी रुमाल तोंडाला लावला. नाही म्हणून मान हलवली.

"मान नको. बोला."

मामांनी रुमाल आणखी घट्ट दाबून धरला. मुलीने खाली पाहिलं, खांद्यावरून घसरलेली पर्स नीट केली आणि उठली. जावईही गोंधळून उठला. ती दाराच्या दोन पावलं अलीकडे पोचली असेल, तेव्हा मामांच्या हातातला रुमाल खाली आला.

"थांब, पोरी." शिट्टीसकट आवाज आला. "हे बघ. हे. दात पडले माझे. लाज वाटली. राग नव्हता गं कधीच, नुसती लाज."

मुलगी वळली. तिने ते खिंडार पाहिलं, मग वडिलांचे डोळे पाहिले. "म्हणजे आई खरं सांगत होती?"

"मी कधी खोटं बोलते का?" मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

मुलगी येऊन वडिलांच्या शेजारी बसली, आणि रडावं की त्यांना चांगलं फैलावर घ्यावं हे तिला बराच वेळ ठरवता आलं नाही. म्हणून तिने दोन्ही केलं.

मंडळी, आपण घरातली हलणारी खुर्ची दुरुस्तीला टाकतो, गळका नळ बदलतो, गाडीचा आवाज आला की गॅरेज गाठतो. आणि आपला किंवा घरातल्या म्हाताऱ्यांचा दात दुखला की म्हणतो, काढून टाका, आता काय करायचाय? तोंड मिटून बसलेलं माणूस आपल्याला तिरसट वाटतं, मानी वाटतं. त्याला विचारत नाही कुणी. तेव्हा वाचेल तो दात वाचवा. गेलेल्याची जागा कशी भरायची ते जाणत्या डॉक्टरला विचारा. वाटा आहेत, आणि लवकर विचारलं तर जास्त आहेत. आणि दात नसले तरी आपल्या माणसांशी बोलणं सोडू नका. दातांची लाज धरून नाती घालवण्याइतका वाईट सौदा दुसरा नाही.

जेवणं झाली. मामा कितीतरी दिवसांनी सगळ्यांबरोबर बसून जेवले. जावई बिचारा भिडस्त, काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, "पण मामा, पुढचा दात नेमका तुटला कसा?"

मामांनी पाय वर घेतले, मांडी ठोकली. कितीतरी दिवसांनी त्यांचे डोळे चमकले.

"त्याचं असं झालं, जावईबापू. सर्कशीतला सिंह बसायचा ना, त्याचं स्टूल माझ्याकडे दुरुस्तीला आलं. आता माप घ्यायचं तर सिंह समोर हवा. म्हटलं, घेऊन या. आला. मी टेप लावायला वाकलो, तर सिंहाने टेपचं दुसरं टोक धरलं दातांत. मी माझं टोक धरलं दातांत. तो ओढतोय, मी ओढतोय, सगळी गल्ली जमलीय..."

"बाबा," मुलगी मोठ्याने म्हणाली, "थापा मारताय तुम्ही."