थोरलीचा मान

सरूबाई नवरी होऊन तळेगाव ढमढेऱ्याला आली, तेव्हा माजघरात आधीच एक उभी होती. काळी, बारीक अंगाची, फ्रान्सची मोपेड. साखर कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला गोरा साहेब ती मागं टाकून गेला, ती सरूबाईच्या नवऱ्यानं, पोपटरावांनी घेतली. दिसायला सायकल, फक्त पुढच्या चाकावर गाडग्याएवढं इंजिन. पेडल मारायचं, दांडा लोटून इंजिन चाकावर टेकवायचं, की ती आजारी शेळीसारखी खोकत निघायची.

पोपटराव नव्या नवरीला म्हणाले, ही आधी आली, म्हणून ही थोरली. तू धाकटी.

सगळे हसले. सरूबाई हसली नाही. थोरलीचा मान पाळायचा, एवढं तिला आईनं शिकवून धाडलं होतं. तेव्हापासून रोजचं पहिलं कुंकू थोरलीच्या हेडलाइटला, दिवाळीला पहिलं तेल तिच्या साखळीला, मग सरूबाईच्या डोक्याला. पोपटराव गेले आन् बाया कुंकू पुसायला आल्या, तर सरूबाई म्हणाली, आधी थोरलीचं पुसा. हेडलाइटवरचं कुंकू पुसायला एकीचाही हात धजेना, म्हणून दोघींचंही राहिलं. पुढं बाजाराला सरूबाईच थोरलीवर जायला लागली.

मग नात स्नेहलचं लग्न निघालं. पोरगा दौंडकडचा, भांडगावचा. त्याची आजी धुरपदाबाई. ती बाई मांडवात शिरली तशी सरूबाईनं ओळखलं, आपल्याच तोलाची हाय.

अक्षतांच्या आधी मानाच्या साड्या निघाल्या. पहिली हिरवी नऊवारी सरूबाईनं थोरलीला नेसवली, पेडलं मोकळी ठेवून. दुसरी धुरपदाबाईंना दिली. धुरपदाबाईंनी ती दोन बोटांनी धरली, खुर्चीवर ठेवली आन् बाहेर जाऊन जीपमध्ये बसल्या. मंगळसूत्र त्यांच्या कमरेच्या बटव्यात.

भटजी घसा खाकरत उभे राहिले. सरूबाईचा ल्योक ज्ञानू जीपपाशी जाऊन हात जोडून आला, नवरदेव आला, भावकी आली. काच काही खाली होईना. हाती हार घेऊन स्नेहल उभी, डोळे भरलेले. शेवटी सरूबाई स्वतः गेली. तेव्हा काच चार बोटं उतरली.

"विहीणबाई, मी आमच्यातली मोठी. माझा रुसवा काढायचा तर तुमच्यातल्या मोठीनं यावं. धाकटीशी मी बोलत न्हाई."

सरूबाईला राग यायला पाहिजे होता. पण बोलणं न्यायाचं होतं. ती परत फिरली, पदर खोचला आन् थोरलीवर बसली. माणसं बाजूला झाली. हिरव्या नऊवारीतली थोरली खोकत खोकत मांडवातून बाहेर पडली, जीपच्या काचेपाशी आली आन् बंद पडली.

धुरपदाबाईंनी काच पुरती उतरवली. "काय म्हणती?"

"चुकलं म्हणती."

"मला न्हाई ऐकू आलं."

सरूबाईनं पेडलावर सगळा भार दिला. फट् करून धुराचा एक गोळा थेट जीपमध्ये शिरला. धुरपदाबाई खोकल्या, डोळे पुसले आन् खाली उतरल्या. इतकं मनापासून हल्ली कोण बोलतंय, म्हणाल्या.

अक्षता पडल्या. वरात निघताना धुरपदाबाईंनी विचारलं, पोरीसंगं पाठराखीण कोण? एक चुलतबहीण पिशवी घेऊन तयार होती. धुरपदाबाईंनी मान हलवली. नव्या घरी पोरीच्या पाठीशी मोठं माणूस पाहिजे. थोरलीला धाडा.

सरूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. नको म्हणावं तर थोरली मोठी कशाची? तिनं टाकीत पेट्रोल ओतलं, कॅरियरवर खणा-नारळाची ओटी बांधली आन् टेम्पोचं फाळकं लागेपर्यंत हँडल सोडलं नाही. माजघरातल्या मोकळ्या जागेकडं बघवेना म्हणून रात्री ओट्यावर जेवली.

सकाळी भांडगावचा फोन आला. खुद्द धुरपदाबाई, दम लागलेल्या. बाजाराला निघाले होते, पेडल मारून मारून गुडघे गेले, पण तुमची थोरली खोकत सुदिक न्हाई.

सरूबाईनं पदर सारखा केला. कालपासून पहिल्यांदा तिला भूक लागली.

"पाठराखीण म्हणून नेली ना, विहीणबाई? मग पहिल्याच दिवशी कामाला जुंपता व्हय तिला?"