मांडी घालून मागितलेली माफी

दक्षिण लेबनॉनमधल्या ऐन झैतून गावाच्या नाक्यावर संयुक्त राष्ट्रांनी फिजीच्या सैनिकांना शांतता राखायला बसवलं होतं. शांतता तिथे मुळात नव्हतीच, त्यामुळे राखायला फारसे कष्ट पडत नसत. दुपारी जेवणं झाली की सार्जंट एरोनी आणि त्याची माणसं लाकडी परातीभोवती बसत, फिजीहून आलेली यंगोनाची मुळी कुटून पाण्यात कालवत आणि ते गढूळ पाणी करवंटीतून आळीपाळीने पीत. जीभ बधिर होई आणि युद्धाबद्दल बोलायची कुणाला इच्छा उरत नसे.

त्या दुपारी भिंतीवरून एक माणूस थेट परातीशेजारी कोसळला. जवाद, तंबाखू पिकवणारा. तिथल्या बंदूकवाल्यांचा म्होरक्या अबू नमीर याने त्याला जबरदस्तीने टोळीत घेतलं होतं. तो पळून आला होता आणि येता येता आडव्या आलेल्या अबू नमीरच्या भावाला गोळी घालून आला होता.

एरोनी तोंड उघडायच्या आत वाइसेयाने करवंटी भरून पाहुण्याच्या हातात दिली. जवादने ती घटाघटा रिकामी केली.

"मेहुण्या, हे काय केलंस?"

"तहानलेला दिसला, दाजी."

"तहानलेल्याला पाणी देतात, गाढवा! आता हा आपल्या घरचा झाला."

"होऊ दे की. तुमच्यापेक्षा कमीच खाईल."

वाइसेया एरोनीच्या बायकोचा भाऊ. फिजीत या नात्याला थट्टेची पूर्ण मुभा असते, आणि वाइसेयाने ती कधी वाया जाऊ दिली नव्हती.

एरोनीने वायरलेसवर विचारलं. कॅप्टनसाहेब म्हणाले, आपण कुणाच्याच बाजूचे नाही, काढ त्याला बाहेर. एरोनी "होय साहेब" म्हणाला आणि यंत्र बंद करून टाकलं. घरच्या माणसाला मारेकऱ्यांच्या हाती द्यायचं, मग गावी कुठल्या तोंडाने परतायचं?

तोवर दोन जीपगाड्या फाटकाशी आल्या. पुढच्या जीपवर मशीनगन, तिच्याशेजारी अबू नमीर.

"सार्जंट, माझा माणूस दे. नाहीतर तुमच्या निळ्या टोप्या लाल करतो."

एरोनीला यावरचा उपाय लहानपणापासून ठाऊक होता. त्याच्या गावी खून झाला, तरी खुन्याच्या घरचा वडीलधारा निःशस्त्र जातो, समोरच्याच्या अंगणात मान खाली घालून बसतो आणि पुढे यंगोनाच्या मुळ्यांची जुडी ठेवतो. जुडी उचलली की भांडण मिटलं.

"दाजी, या लोकांना हे कळेल?"

"मान खाली घातलेली कुणाला कळत नाही रे?"

रायफल ठेवून, हेल्मेट काढून एरोनी फाटकाबाहेर धुळीत मांडी घालून बसला. जुडी पुढे सरकवली. माफी ठरलेल्या शब्दांतच मागायची असते, म्हणून त्याने ती शुद्ध फिजी भाषेत मागितली.

अबू नमीरला दिसलं ते एवढंच: सार्जंट निःशस्त्र, डोकं उघडं, मान खाली. असं दृश्य त्याने बऱ्याच गावांत पाहिलं होतं. त्याला शरणागती म्हणतात. त्याने जुडी उचलली, हुंगली आणि लुटीत टाकावी तशी जीपमध्ये फेकली.

आत फिजीकरांनी ओंजळ करून घुमणाऱ्या टाळ्या वाजवल्या. मिटलं! त्यांनी रायफली भिंतीला टेकवल्या आणि फाटक उघडलं. हे आपलं स्वागत, असं समजून अबू नमीर माणसं घेऊन आत शिरला आणि जवादला केसांना धरून फरफटत नेऊ लागला.

वाइसेया हसत आडवा आला. "भाऊ, आता मिटलं ना?"

अबू नमीरने त्याच्या उघड्या तोंडात गोळी घातली.

एरोनीने वळून पाहिलं. मग त्याने मशीनगनवाल्याचा पाय धरून त्याला खाली खेचलं आणि त्याचं डोकं जीपच्या पोलादावर, ते डोकं वाटेनासं होईपर्यंत आपटलं. आत टेकवलेल्या रायफलींपर्यंत पोचण्याआधी एरोनीची दोन पोरं पडली. तिसऱ्याने मुळी कुटायचं लोखंडी मुसळ टोळीतल्या एकाच्या गळ्यात खुपसलं. एरोनीने मशीनगन फाटकाकडे फिरवली. अंगणातून बाहेर धावणारे तिथेच एकमेकांवर कोसळले. एकाचा हात खांद्यापासून निघून परातीत पडला. उरलेले जैतुनाच्या बागेत पळाले.

पोटात गोळी लागलेला अबू नमीर भिंतीशी पडला होता. जवाद वाइसेयाची रायफल घेऊन त्याच्याकडे निघाला.

"थांब! हा मेला तर ते सगळं गाव घेऊन येतील तुझ्यासाठी. जिवंत असेल तर याच्या बदल्यात तुला सोडवता येईल."

"बाजूला हो, सार्जंट. मी थुंकणार आणि मारणार."

जवाद थुंकला. दुसरी गोष्ट करायच्या आत एरोनीने त्याचं मनगट मोडलं, त्याला पालथं पाडलं आणि पाठीवर गुडघा रोवला. एका हाताने जवादची मान दाबली, दुसरा तळवा अबू नमीरच्या पोटातल्या भोकावर. दोघे त्याच्या अंगाखालून एकमेकांच्या आयांचा उद्धार करत होते.

"हेलिकॉप्टर मागव रे कुणीतरी!" एरोनी ओरडला.

चार हातांच्या अंतरावर वाइसेया पडला होता. त्याच्या तोंडावर माश्या बसू लागल्या होत्या. एरोनीला त्यावर कापड टाकायचं होतं, पण दोन्ही हात अडकलेले होते.