आवाज तुटतोय गं

मित्रांनो, रुग्णालयाच्या जिन्याखालच्या कपाटात हिरवे दिवे मिचकावत बसलेला जुना राउटर, तो मीच. इथले फोन, एक्स-रेची चित्रं, सगळं तुकडे होऊन लहानमोठ्या पाकिटांत माझ्याकडे येतं. कोणाला पुढे सोडायचं आणि कोणाला थोपवायचं, हे माझं काम. जड चित्रांनी वाट अडवू नये म्हणून आमच्या नेटवर्कवाल्या ताईनं मला एका वेळी किती वजन सोडायचं याची मर्यादा घालून दिली. सगळे म्हणायचे, "ताई, तुमची पेटी गुणाची हो!" मी हुरळून जायचो.

मग ताईचे वडील इथेच दाखल झाले. आई कंबरेचं हाड मोडून घरी अंथरुणाला खिळलेली. दोघांचं बोलणं व्हायचं ते फोनवर, माझ्यातून.

त्याच सुमारास प्रत्येक खाटेपाशी हृदयाचे ठोके पाठवणारं यंत्र आलं. ठोक्यांची पाकिटं चिमुकली, पण मुंग्यांसारखी रांग, संपता संपेना. पाकीट छोटं असो वा मोठं, पत्ता वाचायला मला कष्ट सारखेच. माझी दमछाक झाली आणि मी पाकिटं टाकून देऊ लागलो. माणसांचं बोलणंही चिमुकल्या पाकिटांतूनच जातं हो!

"आवाज तुटतोय गं," आई रोज म्हणायची.

ताई पडद्यावर वजनाचा आलेख बघायची. "अगं, लाईन अर्धी रिकामी आहे. तुझा फोनच जुना झालाय." तिनं नवा फोन घेऊन दिला, तरी तेच रडगाणं. पाकिटं मोजून बघायचं तिला सुचलं नाही, आणि मला तर तोंडच नाही.

एका दुपारी वडिलांनी आईला फोन लावला. ताई वरच्या मजल्यावर तार बदलत होती. ते बराच वेळ बोलत राहिले. "काय म्हणालात? अहो, पुन्हा सांगा ना," आई विनवत होती. संध्याकाळी ते गेले.

ताई कामावर परतली तेव्हा तिनं पहिल्यांदा पाकिटांचा आकडा उघडला. तो पाहिला आणि कपाटाच्या दाराला डोकं टेकून ती ओक्साबोक्शी रडली. मग तिनं ठोके एकत्र बांधून पाठवायची सोय केली, बोलण्याला वेगळी वाट दिली आणि आईला फोन लावला.

"आता नीट ऐकू येतंय?"

"अगदी शेजारी बसल्यासारखं. तुझे बाबा शेवटी काय सांगत होते, ते तुझ्या त्या पेटीत सापडेल का गं?"

टाकलेलं पाकीट माझ्यापाशी उरत नाही, मित्रांनो. म्हणून कळवळून सांगतो, आपलं माणूस ऐकू येत नाही म्हणालं, तर आधी त्याचं खरं माना. आलेख मागाहून बघा.

ताईला रडू कोसळलं. तिचं रडणं तेवढं मी आईपर्यंत पोचवलं, एकही पाकीट न टाकता.