नटलेली थ्री-नॉट-थ्री

केलीव्हिलच्या मार्शलने बंदूक घेतली आणि त्याच आठवड्यात सिडनीत लॉकडाऊन लागला.

बंदूक म्हणजे थ्री-नॉट-थ्री. लष्कराने कधीच मोडीत काढलेली, म्हणून स्वस्तात मिळालेली. त्याच्या गावी, वसईला, पोलीस चौकीत हवालदाराच्या खांद्यावर असायची तीच. ऑफिसातल्या ड्वेनच्या नादाने मार्शल शूटिंग क्लबात गेला, लायसन्स काढलं, कायद्याप्रमाणे स्टडीच्या भिंतीला बोल्ट मारून लोखंडी सेफ बसवली. आणि आता क्लबच बंद.

गोळी झाडता येईना, म्हणून तो बंदूक सजवायला लागला. आधी चामड्याचा पट्टा मागवला. मग दुर्बीण आली. मग गालाखाली ठेवायची गादी, खांद्याला धक्का बसू नये म्हणून रबराची उशी, आणि शेवटी नळीखाली बसवायचं स्प्रिंगच्या दोन पायांचं स्टँड.

त्याची बायको लुर्डस पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. दिवसभर कोविडचे नमुने तपासून ती घरी यायची, तर दारात नवीन खोकं.

"लग्नात मला एवढं नटवलं नव्हतं रे," ती म्हणाली.

"ॲक्युरसी वाढते, लुर्डस."

"कशाची? तू अजून एक गोळी मारलेली नाहीस!"

मुलगी ॲबिगेल ऑनलाइन क्लासमधून डोकावली. "डॅड, इट्स वेअरिंग मोर दॅन मी."

मार्शलने मनावर घेतलं नाही. अडचण आली ती पोलीस स्टेशनमधून फोन आला तेव्हा. उद्या आर्व्होला, म्हणजे दुपारी, सेफ तपासायला कॉन्स्टेबल येणार होती. मार्शलने स्टडी झाडली, पुसली आणि बंदूक सेफमध्ये ठेवायला गेला. स्टँड बसवल्यापासून ती आत जाईना. दुर्बीण दाराला अडकायची, नाहीतर स्टँड. त्याने पाय दुमडून धरले, बंदूक तिरकी केली, खांदा लावून रेटली. गेली एकदाची! आणि आत खटकन आवाज झाला. स्टँडचे दोन्ही पाय उघडून सेफच्या भिंतींना घट्ट टेकले होते.

दार मात्र व्यवस्थित बंद झालं. मार्शलने तेवढ्यावर समाधान मानलं.

दुसऱ्या दिवशी मास्क लावलेली उंच कॉन्स्टेबल आली. तिने सेफचे बोल्ट हलवून पाहिले, वेगळ्या डब्यात कुलूपबंद ठेवलेल्या गोळ्या पाहिल्या. खूश झाली.

"गुड. आता बंदूक बाहेर काढ, मला तिचा नंबर बघायचाय."

मार्शलने ओढली. बंदूक हलली नाही. त्याने सेफला पाय लावून ओढली. त्याचा मास्क नाकावरून घसरला, बंदूक तिथेच.

"एव्हरीथिंग ओके, मेट?"

"अडकलीय," मार्शल पुटपुटला.

कॉन्स्टेबलने टॉर्च मारून आत पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली. "हे बघ, चोर हिला नेऊ शकणार नाही, हे मी रिपोर्टमध्ये नक्की लिहीन. पण नंबर बघितल्याशिवाय मला जाता येत नाही."

इतक्यात लुर्डस शिफ्टवरून आली. तिने हात धुतले, जमिनीवर बसली आणि म्हणाली, "स्क्रूड्रायव्हर दे." तिचा बारीक हात आत गेला. पहिल्यांदा दुर्बीण बाहेर आली. मग गादी. मग उशी. मग पट्टा. स्टँडला वेळ लागला, तेव्हा ॲबिगेलने कॉन्स्टेबलला लांबून चहा विचारला.

शेवटी बंदूक बाहेर आली. ओकीबोकी, लाकडावर दोन-चार ओरखडे पडलेली.

"ओह!" कॉन्स्टेबल नंबर लिहून घेत म्हणाली. "शी'ज ब्यूटिफुल."

मार्शलला पहिल्यांदाच वाटलं, खरंच की.

ऑक्टोबरमध्ये क्लब उघडला. मार्शलने तिला तशीच नेली. सोबत लुर्डसही आली, बघायला. त्याने श्वास रोखून नेम धरला, चाप ओढला. धाड! त्याचं टार्गेट कोरं ते कोरंच राहिलं. शेजारच्या लेनमधल्या म्हाताऱ्याने मात्र आपल्या दुर्बिणीतून पाहून आरोळी ठोकली. त्याच्या टार्गेटच्या बरोब्बर मध्यभागी भोक पडलं होतं, आणि त्याने अजून बंदूक भरलीही नव्हती.

"सॉरी, सॉरी!" मार्शल ओशाळला.

"नो वरीज," म्हातारा हसत म्हणाला. "वर्षभरात माझा एवढा चांगला नेम लागलेला नाही."

निघताना त्याने तो कागद मार्शललाच देऊन टाकला. लुर्डसने कागद हातात धरलेल्या नवऱ्याचा फोटो काढला आणि वसईच्या फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही.

पाच मिनिटांत आयचा फोन. "मार्शल, पहिल्याच गोळीत रे? मी फादरना पण दाखवला फोटो!"

मार्शलने लुर्डसकडे पाहिलं. ती गाडीच्या खिडकीबाहेर बघत ओठ दाबून हसत होती.

"हो आय," तो म्हणाला, "पहिल्याच गोळीत."