ताकेओचं पान

टेक्ससमध्ये फ्रिस्कोला लेकाकडे आले की माझा निम्मा दिवस शेजारच्या हारुकोबाईंकडे जातो. त्या नव्वदीला टेकलेल्या, एकट्या, आणि इंग्रजी माझ्यासारखंच मोडकं. म्हणून आमचं जमतं. चांगलं इंग्रजी बोलणाऱ्यांशी आम्हा दोघींचंही जमत नाही.

पहिल्याच भेटीत मी घोळ घातला होता. टेबलावर एका तरण्या पोराचा फोटो, पुढे वाटीत गरम भात, वर झाकण. मी हात जोडले आणि विचारलं, "कधी वारले?" उचलली जीभ, लावली टाळ्याला! हारुकोबाईंचा चेहराच उतरला. "वारला नाही. प्रवासात आहे."

तो त्यांचा थोरला भाऊ, ताकेओ. महायुद्धात जपानी नौदलाच्या विमानांच्या तुकडीत वायरलेस सांभाळायचा. फिलिपिन्सकडे गेला तो परतलाच नाही. प्रवासाला गेलेल्या माणसासाठी घरी पान वाढायचं, ही त्यांच्याकडची रीत. झाकणाला आतून थेंब धरले की माणूस सुखरूप. गरम भातावर झाकण ठेवलं की थेंब धरणारच, हे मला कळतं तर त्यांना कळत नसेल? पण आधी आई वाढायची, आईनंतर या वाढत राहिल्या.

यंदा जपानहून एक जाडजूड पुस्तक आलं. तुकडीतल्या वाचलेल्या लोकांच्या मुलांनी तिचा इतिहास लिहिला होता. हारुकोबाईंना एकटीने उघडायचा धीर होईना, म्हणून मी शेजारी बसले. ताकेओचं नाव सापडलं. त्याचं विमान समुद्रात कोसळताना सोबत्यांनी पाहिलं होतं. दिवस मात्र लिहिलेला नव्हता. माघार घेताना तुकडीचे कागद जाळून टाकले होते.

त्या रडल्या नाहीत, चिडल्या. "मेला म्हणतात आणि दिवस सांगत नाहीत! मग मी उदबत्ती कधी लावू? त्यापेक्षा तो प्रवासातच राहू दे." मग हळूच म्हणाल्या, "पण माझ्यामागे त्याला वाढणार कोण, गिरिजासान?"

मला भडभडून आलं. "दिवस आहे," मी म्हटलं. "ज्याची तिथी माहीत नाही, त्याच्यासाठी आमच्याकडे सर्वपित्री अमावास्या असते. याच रविवारी आहे. त्या दिवशी सगळ्या गेलेल्यांना जेवू घालून निरोप द्यायचा."

रविवारी मी खीर, वडे, आमसुलाची चटणी केली, भात त्यांनी केला. मागच्या अंगणात पान ठेवून आम्ही कावळ्याची वाट बघत बसलो. आला तो इथला लांब शेपटीचा काळा पक्षी, दुकानांच्या पार्किंगमध्ये हिंडतो तो. म्हटलं, टेक्ससचा कावळा असाच असायचा. त्याने भाताला चोच लावली, तशी हारुकोबाईंनी माझा हात घट्ट धरला.

"आता तो जाणार?"

"जाणार."

"एकटा? एकोणीस वर्षांचा आहे तो."

"एकटा कसा? आज सगळेच निघतात. आमचे हेसुद्धा आहेत त्यांच्यात. जन्मभर एस.टी.त कंडक्टर होते. एकटं पोर दिसलं की आपल्या शेजारी बसवून न्यायचे."

हारुकोबाई पानासमोर कमरेत वाकल्या आणि जपानीत बराच वेळ काही बोलल्या. भावाशी काय बोललात, मी विचारलं.

"भावाशी नाही, तुमच्या मिस्टरांशी," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "गाडीत त्याला झोप लागते. उतरायचं ठिकाण आलं की उठवा, म्हटलं."