आंधळी पेटी

आमच्या चर्चमध्ये मेणबत्त्यांना दोन जागा. वरच्या तबकात जित्यांसाठी, खालच्या वाळूत मेलेल्यांसाठी. माझी आई स्तामेना दर रविवारी दोन लावायची, दोन्ही वर. एक माझी, एक थोरल्या विलोतियेची. नऊ वर्षं! कारण महायुद्धातून परतल्यावर मीच तिला सांगितलं होतं, अल्बेनियाच्या डोंगरात माघार घेताना दादा हरवला म्हणून. हरवला कसला! बर्फात बसला होता माझा हात धरून. त्याला उठवेना, आणि माझा हात काही तो सोडेना. मी त्याची बोटं एकेक करून उघडली आणि पलटणीमागे चालू लागलो.

त्या फेब्रुवारीत राजाच्या संसदेची निवडणूक आली. मतदारयादी म्हणजे निम्मं स्मशानच. गावप्रमुख क्रस्मान सरकार पक्षाचा. मतदानाच्या रविवारी सकाळी त्यानं मला शाळेच्या पायरीवर गाठलं.

"ओब्राद, तुझं मत झालं ना? आता विलोतियेचं दे. नाव पुकारलं की 'हजर' म्हणायचं, बस्स."

"क्रस्मानकाका, जरा लाज बाळगा."

"बरं बाबा. मग आत चल आणि शहरातल्या कारकुनापुढे शपथ घे, की तो मेलाय, तू डोळ्यांनी पाहिलंयस. नाव खोडून टाकतो. दुपारपर्यंत तुझ्या आईच्या कानावर जाईलच."

म्हाताऱ्यानं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. कारकुनानं ओळखू नये म्हणून त्यानं पुढे केलेली टोपी मी डोक्यात घातली. भित्रा मेला मी!

"विलोतिये सिमिच!" कारकून ओरडला.

"हजर."

गावातली माणसं बसली होती सगळी. एकानंही मान वर केली नाही.

आमच्याकडे मत म्हणजे रबराची एक गोळी. ती मुठीत धरून प्रत्येक पेटीत हात घालायचा, एकीत गुपचूप सोडायची, पण मूठ मिटलेलीच बाहेर काढायची. शेवटी रिकामा पंजा दाखवायचा. पहिली पेटी सरकारची. हात घातला, तर बोटं उघडेनात. थंडीनं आखडली म्हणावं, तर खोलीत शेगडी धगधगत होती. दुसऱ्या पेटीतही तेच. उरली आंधळी पेटी. तिच्यावर कुणाचंच नाव नसतं. ज्याला कुणीच नको, तो तिच्यात टाकतो.

तिच्यात हात घातला आणि आतून कुणीतरी तो धरला.

गारठलेला हात होता. त्यानं माझी करंगळी उघडली. मग तिच्या शेजारचं बोट. घाई नाही, राग नाही. मी उघडली होती अगदी तशीच, एकेक करून. अंगठा शेवटी. गोळी गेली, तेव्हा कुठे हात सुटला.

"पंजा दाखवा," कारकून म्हणाला. दाखवला. बोटांना बर्फाचा चुरा चिकटला होता.

"बाहेर बर्फ पडायला लागला वाटतं," तो म्हणाला आणि यादीत खूण केली.

बाहेर लख्ख ऊन होतं. मी तसाच आईला गाठायला चर्चकडे पळत सुटलो. पण गावाची जीभ माझ्या पायांपेक्षा चपळ. आई दारातच सामोरी आली. तिचा चेहरा इतका फुललेला मी लढाईनंतर पाहिला नव्हता.

"ओब्राद, अरे विलोतिये आलाय म्हणे! शाळेत हजेरी दिली त्यानं! कुठाय तो? जेवलाय का?"

"आई, तो मी होतो. दादा मेला गं. तिथेच, बर्फात."

ती रडली नाही. आत गेली, वरच्या तबकातली त्याची मेणबत्ती काढली, ज्योतीला हाताचा आडोसा धरून खाली वाकली आणि वाळूत रोवली. वाळू दाबता दाबता तिनं विचारलं, "तू निघालास तेव्हा जीव होता का रे त्याच्यात?"

माझा हात अजून गारच होता.

"होता," मी म्हणालो.

आई गुडघ्यावर हात टेकून उठली. वरच्या तबकातली माझी मेणबत्ती काढली आणि त्याच्या शेजारी, खाली लावली.